वाचलं खरं, कळलं का?

मी तिसरीत होतो, म्हणजे १९७८-७९ची गोष्ट असेल. आमच्या घराला भिंत लागून एक आजी राहायची. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत कामाला गेलेला. त्याचं पत्र आलं, की आजी ते पदराखाली धरून आमच्या दारात यायची आणि माझ्या आईला म्हणायची, "तुझ्या पोराला जरा धाड गं." त्या दिवशीही निळं आंतरदेशीय पत्र घेऊन ती आली. मी उंबऱ्यावर बसून ते धडाधडा वाचून दाखवलं. एकदाही अडखळलो नाही. पत्रात एक वाक्य होतं, की मी सध्या बदलीवर आहे. आमच्या गुरुजींची होते ती बदली, एवढाच त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक. मी शहाणपणानं म्हणालो, "आजी, त्याची बदली झाली." आजीनं मान हलवली. "बदली झाली न्हवं, लेकरा. बदलीवर हाय. म्हंजी कायम न्हाई केलं अजून. कुणी रजेवर गेलं, तरच ह्याला काम."

पत्र मी वाचलं, पण कळलं ते आजीला. तिला एक अक्षर येत नव्हतं आणि मला सगळी येत होती. दोघांनी मिळून ते पत्र वाचलं, असंच म्हणायला हवं. वाचणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. पुढं पडला. आज त्या प्रश्नाचाच थोडा इतिहास सांगणार आहे.

माझ्या लहानपणी वाचनाच्या दोन शाळा होत्या. सकाळी फजरच्या नमाजनंतर मशिदीत मौलवीसाहेबांसमोर कायदा उघडून बसायचं. अलिफ, बे, मग जेर-जबर-पेश, मग जोडून वाचणं. दहाव्या वर्षापर्यंत माझं कुरआनचं एक पारायण पूर्ण झालं. घरी मिठाई वाटली गेली. पाहून, शुद्ध उच्चारात वाचण्याच्या या पद्धतीला 'नाजिरा' म्हणतात. अर्थ तिच्यात शिकवत नाहीत, तो पुढचा टप्पा. तो टप्पा आमच्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला आला. लय मात्र कानात शिरली ती तिथंच, आणि तिचं ऋण मी कवी म्हणून मानतो. मग अकरा वाजता जिल्हा परिषदेची मराठी शाळा. तिथंही खड्या आवाजात, न थांबता वाचणारा मुलगा हुशार. सकाळी कमावलेला गुण दुपारी कामाला यायचा. दोन्हीकडं मला शाबासकी मिळे. 'यात काय सांगितलंय?' असं मात्र मला दोन्हीकडं क्वचितच कुणी विचारलं.

ही तक्रार नवी नाही. वेदाचं पठण केलं पण अर्थ जाणला नाही, असा माणूस नुसता भार वाहणारा खांब, असं यास्काच्या 'निरुक्ता'त आलं आहे. ज्यांच्यावर ग्रंथ सोपवला पण ज्यांनी त्याचा भार पेलला नाही, त्यांना कुरआननं पुस्तकं वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. दोन दूरच्या परंपरा, पण दोघींना ओझ्याचीच प्रतिमा सुचावी, याचं मला नवल वाटतं.

त्याहून थेट बोलला तो चौदाव्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दून. १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त त्यानं मुलांना काय आधी शिकवावं, याची चर्चा केली आहे. तिथं तो स्पेनमधल्या सेव्हिल शहरातले बाराव्या शतकातले काझी अबू बक्र इब्न अल-अरबी यांचं मत देतो. मुलाला आधी भाषा आणि कविता शिकवा, मग हिशेब, आणि त्यानंतर कुरआन, म्हणजे वाचलेलं त्याला समजेल, असं या काझींचं म्हणणं. न कळणारं वाचायला लावण्याच्या रीतीवर त्यांनी खेद व्यक्त केला होता. पद्धत उत्तम आहे, असं इब्न खल्दून कबूल करतो. पण रूढी तिला अनुकूल नाही, असंही सांगतो. मूल पुढं शिक्षण सोडून गेलं तर कुरआनला मुकेल, ही पालकांची भीती. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा हा वाद आजच्या आपल्या शाळेत जसाच्या तसा चालू आहे. 'आधी भराभर वाचता येऊ दे, अर्थ मागाहून' असं आपण म्हणतो. आणि मूल मधेच शाळा सोडून जातं.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवी आणि गिरवताना मोठ्यानं म्हणे. हात, डोळा आणि जीभ एकदम कामाला. धुळाक्षरं, मग बाराखडी, मोडी आणि पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असा तो सगळा घोष. ही पद्धत हास्यास्पद नव्हती. मद्रासच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत बोटानं लिहिताना पाहिलं आणि ती युक्ती आपल्या शाळेत आणली. पुढं गेलेल्या मुलानं मागच्याला शिकवायचं, हेही त्यांनी तिथंच राबवलं. १७९७ साली लंडनमध्ये त्यांनी हा प्रयोग छापला आणि तो 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडात गाजला. आपली धूळ साहेबाच्या देशात जाऊन आली, ती अशी.

पण या शाळेत वाचायला काय होतं? छापील पुस्तक जवळपास नव्हतंच. मोडी शिकायची ती हिशेब, खत आणि पत्र यांसाठी. बाळबोध होती ती पोथीसाठी. म्हणजे एक वाचन व्यवहाराचं, दुसरं पुण्याचं. मूल स्वतःच्या मनानं, गोष्टीच्या ओढीनं काही वाचील, ही कल्पनाच दोहोंत नव्हती. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३ सालच्या आपल्या टिपणात देशी शाळांची पद्धत सुधारावी आणि त्यांना पुस्तकं पुरवावीत, असं लिहिलं. त्याच सुमारास, १८२२ साली, मुंबईत शालेय पुस्तकांसाठी मंडळी निघाली होती. तिच्यासाठी काम करणाऱ्या सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही पुस्तकं १८२८च्या सुमारास आली. मराठी मुलाच्या हातात शाळेतून छापील गोष्ट पडली. कोल्हा द्राक्षांना आंबट का म्हणाला, हा प्रश्न आता विचारता येत होता. बाराखडीला असा प्रश्न विचारता येत नाही.

पुस्तकं आली, शाळा वाढल्या, आणि मग सरकारला हिशेब हवा झाला. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी नवा नियम आणला. तपासनीस येईल, एकेका मुलाचं वाचन, लेखन आणि गणित घेईल, आणि मूल ज्या विषयात नापास होईल त्याचे दोन शिलिंग आठ पेन्स शाळेच्या अनुदानातून कापले जातील. परिणाम व्हायचा तोच झाला. ठरलेलं वाचनपुस्तक वर्षभर घोकून घेतलं जाऊ लागलं. मॅथ्यू आर्नल्ड हे मोठे इंग्रज कवी आणि टीकाकार. पोटासाठी ते पस्तीस वर्षं, १८५१ ते १८८६, शाळा-तपासनीस होते. त्यांनी या नियमाला त्याच वर्षी लेख लिहून विरोध केला आणि पुढंही वाचन यांत्रिक होत चालल्याचं ते सांगत राहिले. नोकरी सरकारची असताना हे लिहायला धैर्य लागतं.

'निकालाप्रमाणे पैसा' ही पद्धत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांतही आली. पण १८८२ साली हंटर आयोगापुढं महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिलं, त्यातला प्रश्न याहून मुळातला होता. शाळेत शिकवलं जातं त्याचा शेतकऱ्याच्या मुलाच्या जगण्याशी संबंध काय? त्यांनी मागितलेला अभ्यासक्रम पाहा. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. शिक्षकही शेतकरी समाजातले असावेत, लोकांत मिसळणारे आणि त्यांच्या गरजा जाणणारे असावेत, असा त्यांचा आग्रह. वाचलेलं कळायला हवं तर ते मुलाच्या जगातलं असायला हवं, आणि शिकवणाऱ्यालाही ते जग ठाऊक हवं, असा त्याचा अर्थ मी घेतो. याच निवेदनात मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठी-इंग्रजीची गोडी दिसत नाही, अशी नोंद आहे. ती वाचताना मराठीत कविता लिहिणारा मी थोडा थांबतो. गोडी नव्हती, की पुस्तकात आमचं घर नव्हतं?

एक उदाहरण सांगतो. आमच्या घरात दखनी बोलली जायची. पाठ्यपुस्तकातल्या एका धड्यात 'औक्षण' शब्द आला. मी तो जोडाक्षरासह स्वच्छ वाचला, पण अर्थाच्या जागी माझ्या मनात पोकळी होती. माझ्या शेजारी एक धनगराचा मुलगा बसायचा. तो वाचताना फार अडखळे. एकेका अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत पुढं सरके. मधल्या सुट्टीत त्यानं मला भाकरीचं ताट हातात धरून, ते माझ्या तोंडाभोवती फिरवून औक्षण दाखवलं.

पुढं शाळेच्या तपासणीला साहेब आले. त्यांनी मेंढरांविषयीचा एक उतारा दिला. मी तो सपाट्यानं वाचला आणि त्यांच्या पहिल्याच प्रश्नाला गप्प झालो. तो उतारा त्या मुलाला पाच ओळी वाचायला पाच मिनिटं लागली. पण पावसाळ्याच्या तोंडाला मेंढरं घेऊन माणसं मुलूख का बदलतात, हे त्यानं असं सांगितलं, की साहेब लिहायचे थांबले. तरी त्याच्या नावापुढं 'वाचन कच्चे' असाच शेरा पडला, माझ्या नावापुढं 'उत्तम'. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही.

आमच्या दोघांत कुणाला वाचता येत होतं, याचं उत्तर विज्ञानानं गेल्या दीडशे वर्षांत हळूहळू दिलं आहे. १८७९च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत दिसून आलं, की वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही. तो उड्या मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. १९०८ साली एडमंड ह्यूई या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं वाचनावर मोठा ग्रंथ लिहिला आणि वाचन म्हणजे उच्चार नव्हे, विचार ग्रहण करणं, यावर भर दिला. १९७४ साली लाबर्ज आणि सॅम्युएल्स यांनी वाचनातला ओघ का महत्त्वाचा, हे मांडलं. माणसाचं अवधान मर्यादित असतं. ते सगळं अक्षरं ओळखण्यातच खर्ची पडलं तर अर्थासाठी काही उरत नाही. विहिरीवरून डोक्यावर हंडा आणणाऱ्या नव्या सुनेसारखं हे आहे. हंडा सांभाळण्यातच सगळं ध्यान, गप्पा कुठून मारणार? सवय झालेल्या बायका मात्र हंडा विसरून बोलत येतात. वाचनाचा ओघ हवा तो एवढ्यासाठी, अक्षर विसरून अर्थाशी बोलता यावं म्हणून. स्पर्धा जिंकण्यासाठी नव्हे.

१९८६ साली गॉफ आणि टन्मर यांनी हे पाढ्यासारखं सोपं करून सांगितलं. वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. एक, अक्षरांवरून शब्द ओळखणं. दोन, ती भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. यातलं एक शून्य असेल, तर दुसरं कितीही मोठं असो, उत्तर शून्यच. इंग्रज कवी मिल्टन आंधळा झाल्यावर मुलींकडून ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ वाचून घेई. मुलींना उच्चार शिकवले होते, भाषा येत नव्हत्या, असं मिल्टनचा भाचा एडवर्ड फिलिप्स यानं नोंदवून ठेवलं आहे. मुली वाचत आणि बाप समजून घेई. आमच्या उंबऱ्यावरचं पत्र मला इथं आठवतं. फरक एवढाच, की मिल्टनच्या मुलींना त्या कामाचा कंटाळा येई, आणि मला आजीकडून शेंगदाणे मिळत.

१९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या डावाचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं तो उतारा अधिक चांगला समजली आणि लक्षात ठेवू शकली. वाचनात तरबेज, पण खेळ न जाणणारी मुलं मागं पडली. हे वाचताना मला माझा धनगर मित्रच दिसला. त्याची मेंढरं त्याच्या बाजूनं होती. त्याला हवा होता तो थोडा सराव आणि एखादं वर्ष धीर.

आपल्या लिपीत हा धीर जास्तच लागतो. इंग्रजीची अक्षरं २६. आपल्याकडं व्यंजन, स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं मिळून शेकड्यांनी आकार होतात. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, बोलताना नंतर. 'सूर्य' म्हणताना र आधी येतो, पण तो रफार होऊन बसतो य च्या डोक्यावर. 'चार' आणि 'चहा' यांतला च एकच दिसतो, पण तसा उच्चारला जात नाही. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अशा लिपीची अक्षरं पक्की व्हायला तीन-चार इयत्ता जातात, असं त्यात दिसलं. म्हणजे दिवाळीपर्यंत बाराखडी संपवण्याची आपली घाई मुलांवर अन्याय करणारी आहे.

हे ओळखून वेगळी वाट काढणारी माणसं आपल्याकडं झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं गुरं राखायला जातात, तर शाळाच कुरणात नेली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत मुलांच्या ओळखीचे शब्द आणि स्वरचिन्हं सुरुवातीपासून हाताशी घेऊन मराठी वाचन शिकवलं. या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ साली भारताचं नागरिकत्व घेतलं. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ ते २०१६ या काळात पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलांचं वाचन तीन वर्षं पाहिलं. अनेक मुलांची अक्षरंही पक्की होत नाहीत आणि वर्गात अर्थाला, गप्पांना, गोष्टीला जागाही फार थोडी मिळते, असं त्यांना आढळलं. दोन्ही बाजू कच्च्या, आणि आपल्याला गुणाकार तर ठाऊकच आहे.

२००५पासून 'असर'चे अहवाल येऊ लागले. कार्यकर्ते खेड्यातल्या घरी जाऊन मुलाला अक्षरं, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचायला देतात. २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत होती. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना ती वाचता आली नाही. हा आकडा झोप उडवणारा आहे आणि तो पुढं आला, हे चांगलं झालं. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत'नं तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत, असं लक्ष्य ठेवलं. समजून वाचावं, असंही त्यात आहे. पण शब्द घड्याळानं मोजता येतात आणि समज मोजायला वेळ लागतो. कागदावर आकडा भरायचा असला, की जे सोपं तेच मोजलं जातं. दोन शिलिंग आठ पेन्सचा इतिहास विसरलो, तर साठ शब्दांचंही तेच होईल.

म्हणून घरी आई-वडिलांनी आणि वर्गात बाईंनी एवढं करावं. मुलाला तीच गोष्ट दोनदा-तीनदा मोठ्यानं वाचू द्यावी, त्यानं ओघ येतो. पण प्रत्येक वेळी पुस्तक मिटून विचारावं, "बरं, काय झालं ते तुझ्या बोलीत सांग." ती बोली दखनी असो, वारली असो की धनगरी. उत्तर आलं नाही तर मुलाला मूर्ख समजू नये, त्या शब्दामागचं जग त्याला दाखवावं. आणि अडखळणाऱ्याच्या वहीवर शेरा लिहिण्याआधी त्याला निदान एक प्रश्न विचारावा.

'बदली'चा अर्थ मला आजीनं सांगितला, 'औक्षणा'चा त्या मुलानं. माझ्या वाचनाचे हे दोन गुरू. एकीला अक्षर शिकवायला कुणी आलं नाही. दुसरा शिकत होता, तर त्याला थांबवलं गेलं. आजीचा मुलगा शेवटपर्यंत कायम झाला नाही. १९८२च्या संपानंतर तो गावी परतला. धनगराचा मुलगा पुढं कुठं गेला, मला माहीत नाही. पण कुठल्याही शाळेत एखादं मूल ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत सावकाश वाचताना दिसलं, की मी त्याच्याशेजारी बसतो आणि ओळ संपेपर्यंत थांबतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)